उड्डाणापूर्वीची उड्डाणे

७ ऑगस्ट २०२२ चा तो रविवार होता. आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यालगतच्या श्रीहरिकोटा बेटावर सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी एक नवा प्रक्षेपक आकाशात झेपावला. त्याची उंची अवघी ३४ मीटर, व्यास दोन मीटर आणि वजन १२० टन. आजवर भारताचे बहुतेक उपग्रह ज्याने वाहून नेले, त्या पीएसएलव्हीच्या शेजारी उभा केला असता तर हा त्याचा धाकटा भाऊच वाटला असता. लहान उपग्रहांसाठी खास घडविलेला हा प्रक्षेपक. त्याचे नाव एसएसएलव्ही. थोड्या दिवसांत, थोड्या माणसांच्या हातून जोडून तयार व्हावा आणि ५०० किलोपर्यंतचे ओझे पृथ्वीजवळच्या कक्षेत नेऊन सोडावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

त्याच्या माथ्यावर त्या दिवशी दोन उपग्रह होते. पहिला ईओएस-०२ हा पृथ्वीचे निरीक्षण करणारा, १३५ किलो वजनाचा. दुसरा आझादीसॅट, जेमतेम आठ किलोचा. परंतु या आठ किलोंची हकीकत मोठी हृद्य आहे. देशातील ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्यातील लहान लहान उपकरणे सिद्ध केली होती. ज्यांच्या गावात कदाचित प्रयोगशाळाही नसेल, अशा मुलींच्या हातचे काम त्या सकाळी ढगांपलीकडे निघाले होते. त्यांच्यापैकी अनेक जणी तो सोहळा पाहण्यासाठी श्रीहरिकोट्याला आल्याही होत्या.

पहिला टप्पा जळून गळून पडला. दुसरा पडला. तिसराही आपले काम करून थांबला. टाळ्या वाजल्या. आणि मग नियंत्रण कक्षात एकाएकी शांतता पसरली. शेवटच्या भागातील माहिती मिळेनाशी झाली होती. त्याच दिवशी पुढे इस्रोने जाहीर केले, की उपग्रह प्रक्षेपकापासून सुटले आहेत, परंतु ते चुकीच्या कक्षेत गेले असून आता त्यांचा उपयोग होणार नाही. ३५६ किलोमीटर उंचीवरील वर्तुळाकार कक्षेऐवजी त्यांना लंबवर्तुळाकार कक्षा मिळाली होती. तिचे एक टोक ३५६ किलोमीटरांवर होते, तर दुसरे केवळ ७६ किलोमीटरांवर. त्या उंचीवर हवा विरळ असली तरी असतेच. तिच्या घर्षणाने उपग्रहाचा वेग मोडतो आणि तो जळत खाली येतो.

उणीव ती किती? ३५६ किलोमीटर उंचीवर वर्तुळात फिरत राहण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला जवळजवळ ७,७०० मीटर वेग लागतो. या वेगाने मुंबईहून पुण्यास वीस सेकंदांत पोहोचता येईल. प्रक्षेपकाने यातील जवळजवळ सर्व वेग दिला होता. कमी पडला तो शंभरातला सुमारे एक भाग. शाळेत शंभरांपैकी नव्व्याण्णव गुण मिळविणारा मुलगा वर्गात पहिला येतो. अवकाशाच्या परीक्षेत मात्र तेवढ्या गुणांनी नापास व्हावे लागते.

हा एक भाग कोठे हरवला, हे समजून घ्यावयाचे तर प्रक्षेपक उडतो कसा, यापेक्षा तो उडण्यापूर्वी काय काय घडते, हे पाहावे लागेल.

एसएसएलव्हीचे तीनही मुख्य टप्पे घन इंधनावर चालतात. भारतात या इंधनाची परंपरा जुनी आहे. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांनी या इंधनाच्या विकासात मोलाचे काम केले. ते १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ या १७ टनांच्या प्रक्षेपकाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याचेही चारही टप्पे घन इंधनाचेच होते. हे इंधन स्वस्त, साठविण्यास सोपे आणि सदैव सिद्ध. परंतु त्याचा एक स्वभाव आहे. एकदा पेटले की ते विझविता येत नाही. दिवाळीतल्या बाणाप्रमाणे ते संपेपर्यंत जळतच राहते. शिवाय प्रत्येक वेळी ते नेमके तेवढाच जोर देईल असेही नाही. थंडीत किंचित कमी, उन्हात किंचित अधिक. म्हणून एसएसएलव्हीच्या माथ्याशी द्रव इंधनावर चालणारा एक छोटासा भाग ठेवलेला असतो. उरलासुरला फरक भरून काढून वेग नेमका करणे हे त्याचे काम.

अशा वाहनाला लगाम घालणार कोण? मोटार रस्ता चुकली तर चालक ती थांबवितो आणि वाट विचारतो. येथे थांबणे नाही आणि विचारणेही नाही. जमिनीवर बसलेल्या मनुष्याला काही उमजून त्याने काही करावे, एवढी सवडच मिळत नाही. जे काही ठरवावयाचे, ते प्रक्षेपकातील संगणकाने सेकंदाच्या लहानशा अंशात ठरवावयाचे. आणि संगणक तरी स्वतःच्या बुद्धीने काय ठरविणार? त्याच्या पोटात अभियंत्यांनी महिनोन्‌महिने आधी जी आज्ञावली लिहून ठेवलेली असते, तिच्याबरहुकूम तो चालतो. या आज्ञावलीलाच आपण सॉफ्टवेअर म्हणतो. एसएलव्ही-३ च्या काळी ही आज्ञावली साधी होती. कोणत्या सेकंदाला किती वळावयाचे हे आधीच पक्के ठरलेले असे आणि प्रक्षेपक त्याप्रमाणे वळत जाई. पुढे एएसएलव्हीपासून, म्हणजे १९८७ पासून, प्रक्षेपक आपण कोठे आहोत हे वाटेत तपासून आपला मार्ग स्वतः सुधारू लागला. तेव्हापासून आज्ञावलीवरील जबाबदारी कैक पटींनी वाढली.

प्रक्षेपकात बसणारी आज्ञावली ही मात्र या कुटुंबातील सर्वांत धाकटी. तिच्याआधी जमिनीवर कितीतरी आज्ञावली राबून गेलेल्या असतात. कोणत्या टप्प्यात किती इंधन भरावे, हे पहिली आज्ञावली ठरविते. वरच्या टप्प्यात एक किलो लोखंड अधिक गेले तर उपग्रहाचे जवळपास तेवढेच वजन कमी करावे लागते. म्हणून हा हिशेब एखाद्या काटकसरी गृहिणीप्रमाणे पुनःपुन्हा करावा लागतो. दुसरी आज्ञावली मार्ग आखते. उड्डाणानंतर साधारण मिनिटभराने प्रक्षेपकाचा वेग बराच वाढलेला असतो आणि हवाही अजून पुरेशी दाट असते. तेव्हा त्याच्या अंगावर हवेचा सर्वाधिक ताण येतो. त्या क्षणी नाक वाऱ्याला थोडे जरी आडवे झाले तरी सडपातळ शरीर काडीसारखे मोडू शकते. त्यामुळे प्रक्षेपणाच्या दिवशी वेगवेगळ्या उंचीवरील वारे मोजण्यासाठी फुगे सोडतात आणि त्या मापांनुसार ऐनवेळी वळणांचे आकडे बदलून घेतात.

मार्ग आखताना आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. प्रक्षेपक याच क्षणी बंद पडला तर त्याचे तुकडे कोठे पडतील? हा प्रश्न उड्डाणाच्या प्रत्येक क्षणी पुनःपुन्हा विचारला जातो. जमिनीवरील संगणक रडारांच्या आधारे त्याचे उत्तर काढत राहतो आणि नकाशावर एक ठिपका सरकत जातो. तो ठिपका समुद्रावर आहे तोवर चिंता नाही. तो ठरलेली सीमा ओलांडून वस्तीकडे वळू लागला, तर सुरक्षा अधिकाऱ्याला आपल्या हाताने प्रक्षेपक आकाशातच नष्ट करण्याची आज्ञा द्यावी लागते. वर्षानुवर्षांची मेहनत त्या एका कळीने संपते, तरीही किनाऱ्यावरच्या कोळ्याचा जीव त्याहून मोठा मानलेला आहे. याच ठिपक्यामुळे श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेकडे उड्डाण करता येत नाही. वाटेत श्रीलंका येते. प्रक्षेपकाला वळसा घालावा लागतो आणि वळशात इंधन खर्ची पडते. मोठ्या प्रक्षेपकाला हा खर्च सोसतो, लहानाला तो जड जातो. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ कुलशेखरपट्टिणम येथे लहान प्रक्षेपकांसाठी नवे तळ उभारण्याचे ठरले, ते मुख्यत्वे याच कारणासाठी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तेथून दक्षिणेकडे पाहिले तर समोर फक्त समुद्र आहे.

हे सारे आकडे जमले की खरी परीक्षा सुरू होते. प्रक्षेपक जमिनीवरच असतो, पण संगणकात त्याचे उड्डाण होते. एकदा नव्हे, हजारो वेळा. एका उड्डाणात इंधनाचा जोर किंचित कमी धरतात, दुसऱ्यात वजन थोडे अधिक. कधी वारा डावीकडून येतो, कधी टप्पा सुटण्यास क्षणाचा उशीर होतो. कधी या सर्व अडचणी एकदमच कोसळतात. इतक्या उड्डाणांतून शेवटी उपग्रह ठरलेल्या जागेपासून किती दूर राहिला, याचे ठिपके कागदावर उमटतात आणि त्यांचा पुंजका आखलेल्या मर्यादेत आहे की नाही हे पाहिले जाते. त्यापुढची पायरी तर मोठी मौजेची आहे. प्रक्षेपकात जाणारा प्रत्यक्ष संगणक टेबलावर मांडतात आणि त्याच्या तारांतून कृत्रिम संदेश पाठवितात. आपण आकाशात आहोत, वेग वाढतो आहे, टप्पा गळाला आहे, अशी त्याची पक्की समजूत करून देतात. तो बिचारा प्रामाणिकपणे आज्ञा सोडत राहतो आणि अभियंते त्या तपासत राहतात.

तथापि या उड्डाणांना एक मर्यादा आहे. ज्या संकटाची कल्पना माणसाला सुचली असेल, तेच त्यांत घालता येते. जे सुचलेच नाही, त्याची परीक्षा होत नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण युरोपातील आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानातील कूरू तळावरून एरियान-५ हा प्रचंड प्रक्षेपक प्रथमच उडाला. त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रातील आज्ञावली आधीच्या एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतली होती. तेथे ती वर्षानुवर्षे बिनचूक चालली होती. घरातील विजेच्या जुन्या मीटरवर चारच आकड्यांची घरे असतात. ९९९९ नंतर तेथे लिहिण्यास जागाच उरत नाही. त्याप्रमाणे त्या आज्ञावलीतील एका घरात ३२,७६७ हून मोठा आकडा मावत नव्हता. एरियान-४ च्या संथ चालीत तो तेवढा होतही नसे. एरियान-५ चा आडवा वेग लवकर वाढला आणि आकडा घरात मावेनासा झाला. मुख्य यंत्र बंद पडले. मदतीला ठेवलेले दुसरे यंत्र त्याचेच जुळे भावंड होते. तेही त्याच कारणाने बंद पडले. इंजिन पेटल्यानंतर चाळीस सेकंदही पुरते झाले नव्हते, तोच प्रक्षेपक आकाशात फुटला आणि त्यावरील चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. गंमत अशी, की तो हिशेब उड्डाणानंतर कोणाला हवाच नव्हता.

त्याआधी भारतालाही असाच अनुभव आला होता. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण झाले. दुसरा टप्पा सुटताना प्रक्षेपक डगमगला. त्याला सावरण्याचा हिशेब करताना आज्ञावलीतील एका दोषामुळे आकडा आपल्या मर्यादेबाहेर गेला आणि प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. दोष शोधून दुरुस्त करण्यात आला, आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजीच्या पुढच्याच उड्डाणात त्याने आपली कामगिरी पार पाडली.

आता पुन्हा ७ ऑगस्ट २०२२ कडे वळावयास हरकत नाही.

एसएसएलव्हीच्या माथ्याशी उपकरणांचा एक कप्पा आहे. त्यात सहा त्वरणमापक बसविलेले असतात. वेग कसा वाढतो आहे हे ते क्षणोक्षणी मोजतात, आणि त्यांच्या मापांवरून संगणक आपण कोठे आहोत व किती वेगाने चाललो आहोत हे काढतो. प्रक्षेपकाचे जणू ते डोळेच. परंतु डोळा बिघडला तर? बिघडलेल्या मापावर विश्वास ठेवून चालल्यास प्रक्षेपक भलतीकडे जाईल. म्हणून आज्ञावलीत एक पहारेकरी ठेवलेला होता. एखादा मापक ठराविक काळाहून अधिक वेळ अशक्य वाटणारा आकडा सांगू लागला, की त्याला बिघडलेला ठरवून बाजूस सारावयाचे. ही योजना शहाणपणाची होती यात शंका नाही.

दुसरा टप्पा सुटला, त्या क्षणी उपकरणांच्या कप्प्याला एक तीव्र हादरा बसला. तो क्षणभरच टिकला, परंतु अपेक्षेहून जोराचा होता. सहाही मापकांचे काटे एकदम आपल्या टोकाला जाऊन भिडले. पहारेकऱ्याने आपल्याला दिलेल्या नियमाप्रमाणे निवाडा केला. मापक बिघडले आहेत, त्यांचे ऐकू नये. वस्तुतः एकही मापक बिघडला नव्हता.

किराणा मालाच्या दुकानात तराजूला कोणाचा धक्का लागावा, काटा वेडावाकडा हलू लागावा, आणि वाण्याने तो स्थिर होण्याची क्षणभरही वाट न पाहता तराजू उचलून बाहेर टाकावा व पुढचा सारा माल अंदाजाने मोजून द्यावा, तसे येथे घडले. सहापैकी एक मापक वेगळे सांगू लागला तर त्याला खोटे मानणे योग्यच. पण सहाही जण एकाच क्षणी ओरडू लागले, तर काहीतरी खरोखरच घडले आहे, असे कोणाही माणसाच्या मनात आले असते. आज्ञावलीच्या मनात ते आले नाही, कारण तसे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. मापकांना बाजूस सारून संगणकाने संकटकाळासाठी राखून ठेवलेली पर्यायी योजना सुरू केली. उपग्रह निदान कोठेतरी नेऊन सोडावेत, अशी ती योजना. तिसरा टप्पा जळाला, उपग्रह सुटले. फक्त तो शंभरातला एक भाग कमी पडला.

येथे दोष नेमका कोणाचा म्हणावा? हादरा यंत्राचा होता, चुकीचा निवाडा आज्ञावलीचा होता, आणि हादऱ्याचा अंदाज माणसांचा होता. एकट्याला दोषी धरले तर उरलेले दोन दोष तसेच राहिले असते. चौकशी करणाऱ्यांनी तसे केले नाही, ही गोष्ट त्या चौकशीची खरी शोभा म्हटली पाहिजे. दुसरा टप्पा सुटा करण्याची पद्धत बदलण्यात आली. नवी पद्धत कमी हादरा देणारी होती. उपकरणांच्या कप्प्याच्या रचनेतही फेरफार झाले. पहारेकऱ्याचे नियम पुन्हा लिहिण्यात आले. मापकाला बिघडलेला ठरविण्यापूर्वी आता त्याने अधिक काळ धीर धरावयाचा होता. आणि मापक खरोखरच गेले, तर भारताच्या स्वतःच्या नाविक उपग्रहांकडून आपला ठावठिकाणा विचारून पुढे जाण्याची सोयही करण्यात आली. मग ती जमिनीवरची उड्डाणे पुन्हा सुरू झाली. आता त्यांत एक नवे संकट होते. ते कोणाच्या कल्पनेतून आलेले नव्हते, तर ७ ऑगस्टच्या सकाळी प्रत्यक्ष नोंदले गेलेले होते.

सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच तळावरून, त्याच ९ वाजून १८ मिनिटांच्या मुहूर्तावर दुसरा एसएसएलव्ही निघाला. त्याच्यावर तीन उपग्रह होते. ईओएस-०७ हा इस्रोचा, जानस-१ हा परदेशी कंपनीचा, आणि तिसरा आझादीसॅट-२. त्यातील उपकरणेही देशभरातील सुमारे ७५० मुलींच्या हातची होती.

पहिला टप्पा गळला. दुसरा सुटला. या क्षणी नियंत्रण कक्षातील किती जणांनी श्वास रोखून धरला असेल, हे सांगावयास नको. सहाही मापक आपापली मापे देत राहिले आणि पहारेकऱ्याला बोलण्याचे कारण पडले नाही. तिसरा टप्पा जळून थांबला. मग तो द्रव इंधनाचा छोटा भाग पेटला आणि उरलेला वेग त्याने भरून काढला. सुमारे पंधरा मिनिटांत तीनही उपग्रह एकामागून एक ४५० किलोमीटर उंचीवरील वर्तुळाकार कक्षेत सुटले, आणि मुलींनी जोडलेला तो लहानसा डबा पृथ्वीभोवती फिरू लागला.